भोगीच्या दिवशी पुसलेली रेघ

आमच्या भागात रेडिएशनला शेक म्हणतात. "किती शेक झाले?" असं विचारतात, जणू कंबर धरलीय आणि वीट तापवून फडक्यात बांधून दिलीय. मलाही आधी तसंच वाटायचं. मागच्या महिन्यात नेकनूरकडची एक बाई पत्ता विचारत विचारत माझ्या दारात आली. तिला पंचवीस शेक सांगितले होते. तिला एवढंच विचारायचं होतं की, अंगावर रेघा मारतात त्या खरंच पुसायच्या नसतात का. मी तिला चहा दिला आणि जे आजवर घर आणि दवाखाना सोडून कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती गेल्यावर वाटलं, हे लिहून ठेवावं. माझ्यासारखी अक्कल दुसऱ्या कुणी पाजळू नये.

अंबाजोगाईचा दिवस

धारूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कडेला आमचं गाव. घरात मेंढरं आहेत, थोडी कोरडवाहू जमीन आहे. मी बारावी शिकलेली, म्हणून महिला दूध संस्थेची सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघायची, कॅनवर मार्करनं नंबर टाकायचा आणि गाडीत चढवायचं. मी कडक होते. गावात बायका म्हणायच्या की ही सख्ख्या आईचंही दूध परत करील, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

डाव्या छातीत गाठ लागली ती मी चार महिने लपवली. दुष्काळाचं वर्ष, मालक मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेले, पोरगी अंबाजोगाईला वसतिगृहात राहून शिकणारी. गाठीकडे बघायला कुणाला वेळ होता? शेवटी पोरीनंच ओढत अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. तपासणीचा कागद हातात आला त्या दिवशी डॉक्टर बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललेलं, संध्याकाळचं दूध आज कोण घेणार. पोरगी रडायला लागली तेव्हा कळलं की मला कॅन्सर झालाय. त्यानंतरच्या पायऱ्या मी चढत होते की उतरत होते, तेही मला आठवत नाही.

ऑपरेशन झालं. मग सलाइनमधून औषधं, त्यात केस गेले. पुढे पंचवीस शेक घ्यायचे ठरले. त्यासाठी लांबच्या मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात पाच आठवडे राहावं लागणार होतं. सोबत कोण राहणार हा प्रश्न आला. मालक कळप सोडून येऊ शकत नव्हते, त्या वर्षी मेंढरं वाचली तर घर वाचणार होतं. पोरीची परीक्षा होती. अर्धं गाव ऊस तोडायला गेलेलं.

आणि मग माझी धाकटी जाऊ रुक्मिण पिशवी भरून दारात उभी राहिली.

रुक्मिण

तिच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हते. म्हणजे तीच माझ्याशी बोलत नव्हती. आदल्या दुष्काळात तिच्या गायीच्या दुधाची डिग्री सारखी कमी लागत होती. एका सकाळी वीस बायकांसमोर मी तिचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, दुधात पाणी चालणार नाही, मग ती माझी जाऊ असली तरी. तिनं भांडं उचललं, निघून गेली, आणि पुन्हा संस्थेत पाऊल टाकलं नाही.

एसटीत ती शेजारी बसली आणि टकळीवर लोकर कातत राहिली. आमच्यात बाप्ये कातात, पण हिला नवऱ्याकडून शिकून तो नाद लागलेला. धर्मशाळेत, रांगेत, झाडाखाली, जिथं बसेल तिथं तिची टकळी फिरायची. माझं सगळं ती करायची, उलटीचं भांडं धुवायची, भाकरी मोडून हातात द्यायची. बोलणं मात्र कामापुरतं. मला त्याचा राग यायचा आणि तिच्यावाचून माझं पानही हलत नव्हतं, म्हणून जास्त राग यायचा.

पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टर मॅडमनी, वयानं माझ्या भाचीएवढ्या असतील, माझ्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या. दोघींना समोर बसवून सांगितलं, ही तुमच्या उपचाराची हद्द आहे, या रेघांच्या आत किरण पडणार, बाहेर नाही. आतल्या बाजूला फुप्फुस आहे, हृदय आहे. पंचवीस दिवस इथं पाणी नाही, साबण नाही, तेल नाही. रुक्मिणनं मान हलवली. मीही हलवली.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी नंबर लावायचा. आपलं नाव आलं की आत जायचं, थंडगार फळीवर उघड्या अंगानं झोपायचं, हात डोक्यावर घ्यायचा. मशीनवरचा भाऊ रेघांवर उजेड जुळवायचा आणि बाहेर जायचा. जाड दार बंद व्हायचं. आवाज यायचा, दुखायचं काहीच नाही. दोन-तीन मिनिटांत बाहेर. न दुखणाऱ्या गोष्टीची इतकी भीती वाटते हे मला तिथंच कळलं. अकरा दिवसांत कातडी तांबूस झाली, गिळताना थोडं टोचायला लागलं. बाकी बरं चाललं होतं.

पाच कळश्या

शनिवार-रविवार मशीन बंद असायची. अकरावा शेक शुक्रवारी झाला आणि आम्ही गावाकडे निघालो, कारण रविवारी भोगी होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाईनं डोक्यावरून न्हायचं, अंगाला तीळ लावायचे, तिळाची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खायची. त्या दिवशी जी न्हात नाही तिला वर्षभर आजार लागतो असं मानतात. मला तर आधीच लागलेला.

गावात टँकर चार दिवसांआड यायचा. एका घराला दोन-तीन कळश्या मिळायच्या, त्यात पिणं, रांधणं, शेरडं-करडं सगळं. रविवारी सकाळी मी उठले तर अंगणात संस्थेच्या पाच बायका उभ्या, प्रत्येकीच्या कडेवर एक कळशी. चुलीवर हंडा चढवलेला. कुणी दोन दिवस भांडी राखेनं घासून पाणी वाचवलेलं, कुणी पोरांना अंघोळ घातली नव्हती.

मी म्हणाले की मला पाणी चालत नाही. एकजण म्हणाली, "डोस्क्यावरून तरी घ्या. आमी काय छातीवर वततो व्हय?"

नाही म्हणवलं नाही. पाणी असताना नको म्हणणं सोपं असतं. त्या वर्षी कुणी कळशीभर पाणी तुमच्यासाठी बाजूला ठेवलं आणि तुम्ही ते नाकारलं, तर त्या बाईच्या तोंडाकडे परत बघता येत नाही. रुक्मिणनं माझ्या छातीशी टॉवेल घट्ट धरला आणि मी पाटावर बसले. डोक्यावर केस नव्हतेच, नुसती लव. त्यावर त्यांनी वाटलेले तीळ चोळले आणि कोमट पाणी ओतलं.

तीन महिने मी अंग फक्त पुसत होते. ते पाणी डोक्यावरून पाठीवर आलं आणि मला रडू फुटलं. रुक्मिण पाठ चोळायला माझ्या मागे गेली. कुणीतरी माझ्या हातावर तीळ ठेवले. आणि माझा हात चाळीस वर्षांच्या सवयीनं टॉवेलाखाली गेला आणि छाती चोळून बाहेर आला. बोटं जांभळी झाली होती.

बायकांना कळलं नाही. त्या हसत-बोलत रिकाम्या कळश्या घेऊन गेल्या.

मार्कर

घरात दार लावून आरशात बघितलं. खालची रेघ पार गेलेली. वरची पुसट. बाजूला एक जांभळी फुली तेवढी शिल्लक. मला वाटलं, आता अकरा शेक वाया गेले, पहिल्यापासून सगळं परत करावं लागेल. किंवा मॅडम म्हणतील, सांगितलेलं ऐकत नाही तर जा घरी. यातलं काहीही मला कुणी सांगितलं नव्हतं. भ्यालेलं डोकं आपल्या मनानं नियम बनवतं.

मी रुक्मिणला म्हणाले, कपाटातून कॅनवर नंबर टाकायचा मार्कर आण, आणि रजिस्टरची पट्टी आण. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, मॅडमला सांगू. मी म्हणाले, मला अंदाज आहे, तू फक्त मी सांगते तिथं रेघ मार. ती मार्करचं टोपण काढेना. मी तिच्यावर खेकसले. तिनं रेघ मारली, काळी, पट्टीसारखी सरळ.

सोमवारी मशीनवर नेहमीचा भाऊ नव्हता, दुसराच होता. त्यानं विचारलं, हे काळं कसं. मी सरळ सांगितलं की पुसट झालं होतं, शुक्रवारी तुमच्याच इथल्या माणसानं गिरवून दिलं. त्यानं माझ्या वयाकडे बघितलं असेल, विश्वास ठेवला. उजेड काळ्या रेघेवर जुळला. तो बाहेर गेला. जाड दार बंद झालं.

ती तीन मिनिटं मी अजून विसरले नाही. हात वर करायचा, ओरडायचं, काचेतून त्याला दिसलं असतं. मी हललेही नाही. किरण कुठं पडतोय हे कळत नाही, कारण काही लागतच नाही. हृदय धाडधाड उडत होतं आणि मला वाटत होतं की त्याच्यावरच पडतंय.

संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर रुक्मिण जेवली नाही. भाकरी माझ्यापुढे ठेवून लांब बसली. मी म्हणाले, एवढं काय झालंय, झाला ना शेक. तेव्हा ती दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी कामाशिवायचं बोलली.

"आक्का, त्या दिशी मी दुधात पाणी न्हवतं घातलं."

मी हातातला घास खाली ठेवला.

"गायीला खायाला काय न्हवतं. वाळला कडबा, त्योबी अर्धा पोट. दूध पातळच यायचं. आन् पाणी घालाया पाणी होतं कुटं, आक्का? दोन कळश्यांत आमी पाच जीव होतो."

उपाशी गायीच्या दुधाची डिग्री घसरते हे मला प्रशिक्षणातच शिकवलेलं. मला ते माहीत होतं. मी त्या सकाळी आठवलं नाही, कारण वीस बायका बघत होत्या आणि मला कडक दिसायचं होतं. ती टकळी उचलून म्हणाली, "तुमी माझं खरं दूध परत केलं. आन् सवताची खोटी रेघ मातर चालवून घेतलीत."

सूत

मंगळवारी रांगेत माझा नववा नंबर होता. मी ठरवत होते, आज सांगू, उद्या सांगू. सातवा नंबर आत गेला तेव्हा रुक्मिण उठली, टकळी हातात तशीच धरून मॅडमच्या खोलीत शिरली. दारातून तिचा आवाज आला.

"मॅडम, रेघ मी मारलीया. माझ्या जावेला काय म्हणू नगा."

मी कशी उठले, कळलं नाही. आत जाऊन म्हणाले की तिनं नाही, मी मारायला लावली, आणि काल तुमच्या माणसाशी खोटंही मीच बोलले. पाणी, तीळ, मार्कर, सगळं सांगितलं.

मॅडमनी माझा नंबर थांबवायला मशीनवर निरोप पाठवला. मला पडद्याआड नेऊन बघितलं, जुन्या कागदांवरची मापं लावून पट्टीनं मोजलं. रेघ बोटभर खाली होती, आणि काल उजेड तिच्यावर जुळवल्यामुळे शेकाची सगळी हद्दच बोटभर खाली सरकली होती. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग त्या म्हणाल्या की अजून तेरा शेक बाकी आहेत, ते सगळे या रेघेवर गेले असते तर काय झालं असतं, हे तुम्हाला सांगायलाही मला नको वाटतंय.

मी विचारलं, काल पडलं त्याचं काय. आत जळलं असेल का.

त्यांनी रुक्मिणच्या टकळीकडे बघितलं आणि सूत मागून घेतलं. दोन पदरी, पिळलेलं. तो पीळ थोडा उलगडून त्यांनी दोन पदर वेगळे केले. म्हणाल्या, तुमच्या प्रत्येक पेशीत असा लांबच लांब धागा आहे, त्यातच शरीराचं सगळं लिहिलेलं. किरण जाळत नाही, तो हा धागा तोडतो. कात्रीनं त्यांनी एक पदर कापला. एवढंच तुटलं तर पेशीला सोपं आहे, दुसरा पदर जागेवर असतो, त्याच्याकडे बघून ती कापलेलं भरून काढते. हे ती एरवीही रोज करतच असते. मग त्यांनी दुसराही कापला. सुताचे दोन तुकडे झाले. आता अवघड आहे. पेशी सगळं काम थांबवते, एकीच्या दोन होणंसुद्धा, आणि आधी ही टोकं जुळवायला लागते.

रुक्मिण म्हणाली, "टोक मोकळं ऱ्हायलं की उसवतच जातंय. म्हनून आमी शेवटाला गाठ मारतो."

मॅडम पहिल्यांदा थोड्या हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच आहे, धाग्याच्या खऱ्या टोकांना जन्मतःच बांधलेली टोपी असते, म्हणून ती उसवत नाहीत. मधेच तुटलेल्या टोकाला टोपी नसते, त्यावरूनच पेशीला कळतं की घात झालाय. निरोगी पेशी काही तासांत, फार तर दिवसभरात बहुतेक तुटलेलं जोडते. रोगाच्या पेशीला हे काम धड जमत नाही, ती तुटक्या धाग्यानंच वाढायला जाते आणि मरते. म्हणून एकदम मोठा शेक देत नाही, रोज थोडा देतो, मधला वेळ चांगल्या पेशींना दुरुस्तीला मिळावा म्हणून. तुम्ही बाहेर रांगेत बसून कंटाळता तेव्हा आत कामच चाललेलं असतं.

"म्हणजे कालचं दुरुस्त झालं?" मी विचारलं.

"खालच्या बोटभर जागेत एकच दिवस पडलंय. त्या पेशींना कालपासून वेळ मिळालाय. बहुतेक सगळं जुळलं असेल."

"बहुतेक?"

"कधी टोकं चुकीची जुळतात. एका दिवसाच्या शेकानं तसं होण्याची भीती फार थोडी आहे. पण अजिबात नाही, असं मी खोटं सांगणार नाही." मग त्या म्हणाल्या की वरच्या बोटभर जागेला मात्र काल शेक मिळालाच नाही, आणि तिथं रोगाची एखादी पेशी उरली असेल तर तिलाही दिवसभराची उसंत मिळाली. ते त्या हिशेबात धरून भरून काढणार होत्या.

परत मापं घ्यायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस मशीन चालू होती, माझा नंबर नव्हता, आणि मला एकेक तास मोजता येत होता. पूर्वी मला सुट्टी हवी असायची. आता वाटायचं, वर ती एखादी पेशी धागा जोडत बसली असेल. गुरुवारी नव्या जांभळ्या रेघा आखल्या. काळी काही केल्या निघेना, कॅनचा मार्कर तो. मॅडमनी तिच्यावर लहान लहान फुल्या मारल्या आणि मशीनवरच्या सगळ्यांना दाखवून सांगितलं की ही खोटी. पुढचे सगळे दिवस दोन्ही रेघा अंगावर घेऊन मी त्या फळीवर झोपले.

शेवटच्या आठवड्यात कातडी काळी पडली, सोलली, ओली झाली. रुक्मिण हातपंख्यानं वारा घालायची आणि आम्ही बोलायचो. दुधाबद्दल मी तिची माफी तिथंच मागितली. ती म्हणाली, मला कशापायी सांगता, ज्यांच्यासमोर म्हणलात त्यांना सांगा. गावी आल्यावर संस्थेच्या बैठकीत मी उभी राहिले आणि त्या सगळ्या बायकांसमोर सांगितलं की रुक्मिणचं दूध खरं होतं आणि चूक माझी होती.

नंतर

सोललेल्या जागी नवी कातडी आली. तिच्यावर कुठली रेघ नव्हती. काळी रेघ शेकाच्या खऱ्या हद्दीबाहेर होती, तिथं कातडी सोलली नाही, म्हणून ती फिकट होत होत सगळ्यात शेवटी गेली. मी रोज आरशात तेवढंच बघायचे. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते, दर वेळी रुक्मिण सोबत असते, आणि मॅडम छातीवर नळी लावून ऐकतात तेव्हा माझ्यापेक्षा तिचाच श्वास अडकलेला असतो. आतापर्यंत सगळं ठीक निघालंय. भीती गेलेली नाही. ज्यांना हे चालू आहे त्यांना मी एवढंच सांगेन की चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. मला एक दिवस उशीर झाला, आणि तो एक दिवस मी कायम मोजत राहणार आहे.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. भोगीच्या सकाळी अंगणात हंडा तापत होता, पाणी हवं तेवढं होतं. माझे केस कानापर्यंत आलेले. रुक्मिण वाटलेले तीळ घेऊन आली, माझी पाठ चोळली, हात चोळले, आणि थांबली. वाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

"तितं लावू का, आक्का?"

मी तिचा हात धरला आणि छातीवर ठेवला, जिथं ती रेघ होती तिथंच. तिची बोटं बराच वेळ हलली नाहीत. मग तिनं हळूहळू चोळायला सुरुवात केली, आणि हात उचलून पुन्हा पुन्हा आपल्या बोटांकडे बघत राहिली.